शिकारीच्या तळ्यांचा राखणदार

यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वेचणी ऐन भरात असते, त्याच दिवसांत बेंबळा, अरुणावती, पूस आणि इसापूर या धरणांच्या उथळ कडांना पाहुणे उतरू लागतात. थापट्या, तलवार बदक आणि चक्रांग सायबेरिया व मध्य आशियातून येतात, चक्रवाक लडाख-तिबेटच्या बाजूने. हळदीकुंकू बदक आणि अडई इथलीच. ती या पाहुण्यांत मिसळून जातात. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्यातली ५ तारीख मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनाची आणि १२ तारीख डॉ. सालिम अली यांच्या. सालिम अलींचे नाव घेतले की गळ्यात दुर्बीण अडकवलेला, पांढऱ्या दाढीचा सडपातळ म्हातारा डोळ्यांपुढे येतो. हा माणूस बंदूक हाती घेऊन पक्ष्यांपर्यंत पोचला होता आणि देशातली बदकांची सर्वांत मोठी शिकारभूमी वाचवण्यात त्याचा मोठा वाटा होता, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

बदकाला लागते ती जमीन माणसाच्या हिशेबात बसत नाही. ती धड शेत नसते आणि धड तळेही नसते. पावसाळ्यात तिच्यावर पाणी पसरते, हिवाळ्यात ते गुडघाभर उरते आणि उन्हाळ्यात तिथे भेगाळलेला गाळ राहतो. सातबाऱ्यावर अशा तुकड्याची नोंद पोटखराब म्हणून होते. पिकाच्या उपयोगाची नाही ती एका वर्गात; रस्ता, ओढा, तळे यांनी व्यापलेली ती दुसऱ्या वर्गात. पोटखराब म्हणजे आकारणी नाही, उत्पन्न नाही आणि ती राखण्याचे कारणही नाही. अमेरिकेच्या उत्तर भागातल्या गवताळ मैदानांत चित्र वेगळे आहे. हिमनद्यांनी मागे ठेवलेले हजारो उथळ खड्डे तिथे पाण्याने भरतात आणि खंडातली बहुसंख्य बदके त्यांच्या काठी अंडी घालतात. अशी ओली जमीन तिथे विक्रीला निघते तेव्हा तिच्यावर बदके किती उतरतात, हे सांगून गिऱ्हाईक बोलावले जाते. १९३४पासून तिथल्या प्रत्येक बदक-शिकाऱ्याला सरकारी तिकीट विकत घ्यावे लागते. त्या पैशातून आजवर साठ लाख एकरांच्या आसपास पाणथळ जमीन राखली गेली. तिथे पोटखराबाची किंमत बंदूकवाले मोजतात. आपल्याकडे ती कोणी मोजायची, हा प्रश्न सालिम अलींच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा उभा राहिला.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूल नव्हते. त्यांनी खेतवाडीतल्या आपल्या घरात या पोरक्या भाच्यांना वाढवले. मामा हौशी शिकारी. त्या काळच्या खात्यापित्या घरांत मुलाला हवाई बंदूक मिळणे ही सायकल मिळण्याइतकीच साधी गोष्ट होती, आणि मिळालेल्या बंदुकीने चिमण्या टिपणे हा खेळ. दहा-बारा वर्षांच्या सालिमने एकदा अशीच एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. नेहमीच्या चिमणीपेक्षा ती वेगळी दिसत होती, म्हणून ती खाल्लेली चालेल का, असा प्रश्न पडला. उत्तरासाठी तो मामांकडे गेला. मामांनाही पक्षी ओळखता येईना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही निसर्ग-अभ्यासाची संस्था १८८३ साली मुंबईत सुरू झाली होती आणि मामा तिचे सदस्य होते. त्यांनी संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी देऊन भाच्याला तिकडे पाठवले.

साहेबाच्या कचेरीत घाबरत शिरलेल्या मुलाला मिलार्डनी पीतकंठी चिमणी ओळखून दिली. मग एकामागून एक खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. पक्ष्याचे कातडे सोलून, भुसा भरून, लेबल लावून कसे जपायचे, हेही सालिम तिथेच शिकला. आज हे वाचताना अंगावर काटा येईल, पण त्या वेळचे पक्षिशास्त्र या खणांवरच उभे होते. हातात मेलेला पक्षी असल्याशिवाय त्याची पिसे, चोचीची लांबी, पोटातले अन्न यांचा अभ्यास होत नसे. शिकारी आणि शास्त्रज्ञ यांच्यातली रेघ तेव्हा फार पुसट होती. बहुतेक वेळा दोघे एकच असत.

शिक्षणात सालिम अलींचे लक्ष लागले नाही. गणिताचा कंटाळा. १९१४ मध्ये ते ब्रह्मदेशात तवॉय येथे कुटुंबाच्या खाणीच्या आणि लाकडाच्या व्यवसायात गेले. तिथे जंगल पाहिले जास्त आणि व्यवसाय केला कमी. १९१७ साली परत आल्यावर व्यापारशिक्षण घेता घेता सेंट झेवियर्स कॉलेजात फादर ब्लॅटर यांच्या सांगण्यावरून प्राणिशास्त्राचे धडे घेतले. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झाले. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात महिना ३५० रुपयांवर मार्गदर्शक-व्याख्यात्याची नोकरी लागली. दोन वर्षांत तेच ते बोलण्याचा उबग आला. रजा काढून ते बर्लिनला एर्विन स्ट्रेझमन या पक्षितज्ज्ञाकडे गेले.

तिथे त्यांना दुसरे पक्षिशास्त्र भेटले. उत्तर समुद्रातल्या हेल्गोलांड बेटावर दर हंगामात लाखो पक्षी विसाव्याला उतरत. तिथल्या केंद्रात ते जाळ्यांत पकडायचे, पायात ॲल्युमिनियमचा हलका वाळा चढवायचा आणि सोडून द्यायचे. वाळ्यावर क्रमांक आणि पत्ता. पुढे कुठे तरी तो पक्षी कोणाच्या हाती लागला आणि त्याने कळवले, की नकाशावर दोन बिंदू जोडले जात. मेलेल्या पक्ष्याने एकदाच काय ते सांगायचे. वाळा घातलेला पक्षी जिवंतपणीच्या प्रवासाची हकीकत सांगतो. भारतातही याची सुरुवात झालेली होती. मुंबईच्या संस्थेने १९२७ मध्ये धार संस्थानात बदकांच्या पायांत वाळे चढवले होते. यातली गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. हे वाळे परत कळवणारे बहुतेक जण शिकारी होते. सायबेरियाच्या दलदलीत कोणी बदक मारले आणि त्याच्या पायात मुंबईचा पत्ता निघाला, तर शास्त्राला एक ओळ मिळे. बंदूक नसती, तर सुरुवातीच्या काळात प्रवासी बदकांचे मार्ग आपल्याला कळलेच नसते.

१९३०मध्ये ते परतले तेव्हा पैशांअभावी संग्रहालयातली जागाच रद्द झाली होती. नोकरी नाही आणि हातात बर्लिनचे शिक्षण. पती-पत्नी अलिबागजवळ किहीमला सासरच्या छोट्या घरात राहायला गेले. अंगणाजवळ सुगरणींची वसाहत होती. शिडीला मचाण बांधून ते दिवसचे दिवस बसून राहिले. नर एकाहून अधिक घरटी विणतो, मादी येऊन पाहते, पसंत पडले तर आत राहून अस्तर घालते आणि मग नर पुढच्या घरट्याला लागतो. हा सगळा व्यवहार त्यांनी क्रमवार नोंदवला. एकही पक्षी न मारता केलेल्या या अभ्यासाने त्यांचे नाव झाले.

पुढची जवळपास वीस वर्षे संस्थानांच्या पक्षी पाहणीत गेली. बोली सरळ होती. मेहनताना नको, फिरण्याचा खर्च आणि सोय संस्थानाने करावी. हैदराबाद, त्रावणकोर-कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, बहावलपूर अशी यादी लांबत गेली. १९३१-३२ मध्ये निजामाच्या मुलखाची पाहणी झाली. त्या मुलखाची उत्तर सीमा पैनगंगेला टेकलेली होती आणि नदीच्या अलीकडे वऱ्हाडातला यवतमाळ जिल्हा होता. बैलगाडी, तंबू, कातडी वाळवायचे फळकुट आणि सोबत तेहमिना. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तेहमिना अचानक गेल्या. सालिम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. दोन वर्षांनी, १९४१ साली, त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे सचित्र पुस्तक आले. सामान्य वाचकाला झाडावरचा पक्षी नावाने ओळखता येऊ लागला तो त्या पुस्तकामुळे.

या फिरतीत त्यांनी संस्थानिकांच्या शिकारखान्यांचा कारभार जवळून पाहिला. दरबारी शिकारी म्हणजे निव्वळ कत्तल, असे म्हणून विषय संपवता येतो. पण शिकारीसाठी राखलेल्या तळ्यात दुसऱ्या कोणाला जाळे टाकता येत नसे, काठचे झाड तोडता येत नसे, पाणी दुसरीकडे वळवता येत नसे. राजाला हंगामात दोन-चार दिवस बदके मारायची असत आणि तेवढ्यासाठी बाकीचे वर्षभर तिथे कडक पहारा राही. शेजारच्या गावांना हा पहारा जाचक वाटे, यात नवल नाही. तळे मात्र टिकले.

भरतपूरचे केवलादेव घना हे त्याचे ठळक उदाहरण. मुळात तो नैसर्गिक सखल भाग. अठराव्या शतकात राजा सूरजमल यांच्या काळात अजान बांध बांधला गेला आणि त्या सखल भागात पाणी खेळवता येऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दरबाराने छोटे छोटे बंधारे घालून, पाट काढून तिथे बदकांसाठी तळ्यांची मांडणी केली. पाणी किती खोल ठेवायचे, कोणत्या महिन्यात सोडायचे, हे सगळे ठरवलेले असे. म्हणजे आज जागतिक वारसा असलेले हे अभयारण्य एका अर्थाने शिकारीसाठी केलेले पाण्याचे शेत आहे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत तिथे एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. हा आकडा कोरलेला दगड अजून मंदिराजवळ उभा आहे. योगायोग असा, की त्याच दिवशी सालिम अलींना ४२ वर्षे पूर्ण झाली.

अशा शिकारीचा एक परिणाम तेव्हा कोणी मोजला नव्हता. छऱ्याच्या प्रत्येक काडतुसातून शिशाचे बारीक कण उडतात. त्यातले थोडे पक्ष्याला लागतात आणि बाकीचे चिखलात बसतात. बदक धान्य दळण्यासाठी पोटातल्या गिझर्डमध्ये खडे भरून घेते. खड्यासोबत शिशाचे कण गिळले जातात, तिथे झिजतात आणि रक्तात उतरतात. पक्षी अशक्त होतो, पंख गळतात, उपाशी मरतो. त्याला खाणाऱ्या गरुडालाही तीच बाधा. अमेरिकेने १९९१ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छरे वापरण्यावर देशभर बंदी घातली ती यामुळे. आपल्या जुन्या शिकार-तळ्यांच्या गाळात किती शिसे उतरले असेल, याचा अंदाज ४,२७३ या आकड्यावरून करता येतो.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने गेली आणि तळ्यांचे पहारेकरीही गेले. भरतपुरात मागणी उठली की राजाच्या चैनीसाठी अडवलेले पाणी सोडावे, तळे कोरडे करावे आणि जमीन शेतकऱ्यांना वाटावी. मागणी अन्यायाची नव्हती. देशात धान्याचा तुटवडा होता, परदेशातून गहू येत होता. पाण्याखालची काळी जमीन पाहून कोणाही शेतकऱ्याच्या मनात नांगर येणारच. सालिम अलींनी या मागणीच्या विरोधात उभे राहायचे ठरवले. ते दिल्लीत थेट पंडित नेहरूंपर्यंत गेले. राजाची शिकार हे कारण आता चालणार नव्हते. दुसरे कारण हवे होते. त्या तळ्यासारखे दुसरे तळे उत्तर हिंदुस्थानात नाही, आणि एकदा मोडले तर ते कोणत्याही खर्चाने परत उभे राहणार नाही, ही त्यांची बाजू होती. नेहरूंनी ती ऐकली. १९५६ मध्ये घना पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. तडजोड म्हणून माजी राजाचे शिकारीचे हक्क मात्र कायम राहिले. ते १९७२ मध्ये संपले. म्हणजे सोळा वर्षे अभयारण्यात कायदेशीर बंदुका वाजत होत्या. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याला हे पटणार नाही. सालिम अलींना तळे हवे होते आणि त्यासाठी त्यांनी बंदुका सहन केल्या. हा हिशेब बरोबर होता, असे आज म्हणावे लागते.

तळे राखायला आणखी एक कारण लवकरच पुढे आले आणि ते आरोग्याचे होते. १९५७ मध्ये आजच्या कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरून पडू लागली. मागोमाग गावकरी तापाने आजारी पडले. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, नवा विषाणू शोधला. हाच माकडताप. गेल्या दहा वर्षांत तो सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांदा भागातही आढळला आहे. गोचिडीच्या चाव्यातून तो माणसाला होतो. नव्या विषाणूचे नाते रशियात आढळणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी निघाले, आणि प्रश्न उभा राहिला की हा सायबेरियातून आला कसा? हिवाळ्यात तिथून इकडे कोण येते, याचे उत्तर कोणीही देईल. पक्षी.

या संशयाने सालिम अलींच्या जुन्या स्वप्नाला पैसा मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५९पासून मुंबईच्या संस्थेने पक्ष्यांच्या स्थलांतराचा मोठा प्रकल्प सुरू केला. भरतपूर आणि कच्छ ही त्याची महत्त्वाची ठिकाणे. पक्षी पकडायचे कसब शास्त्रज्ञांकडे नव्हते, ते बिहारमधल्या मीरशिकारांकडे होते. पिढ्यान्‌पिढ्या पाणपक्षी पकडून विकणारे हे लोक. रात्री तळ्यात उतरून, जाळे लावून, बदकाचे एक पीसही न मोडता ते पक्षी हातात देत. विदर्भातल्या फासेपारध्यांच्या तित्तिर-लाव्यांच्या फाशांत जे बारीक निरीक्षण असते, तेच इथे. सालिम अली या माणसांना मदतनीस मानत नसत. आपल्याइतकेच जाणकार मानत. पकडलेल्या पक्ष्याच्या पायात वाळा चढे, वजन-मापे होत आणि मग पिसांत, डोळ्यांभोवती, कानाजवळ गोचीड शोधली जाई. ती काढून कुपीत भरून पुण्याला रवाना होत असे. गोचीड गवतातून पक्ष्यावर चढते. म्हणून सतत पाण्यात असलेल्या बदकांइतकेच लक्ष जमिनीवर टिपणाऱ्या धोबी पक्ष्यांसारख्या लहान पाहुण्यांकडेही द्यावे लागले.

माकडतापाचा विषाणू प्रवासी पक्ष्यांनी आणला, असा पुरावा अखेर मिळाला नाही. तो विषाणू आपल्याच पश्चिम घाटातल्या जंगलात, माकडे, उंदीर आणि स्थानिक गोचिडी यांच्यात फिरणारा ठरला. पक्षी निर्दोष सुटले. त्या तपासात मात्र भारताला पहिल्यांदाच आपल्या आकाशातल्या वाटांचा नकाशा मिळाला. कोणती बदके कुठून येतात, कोणत्या वर्षी लवकर येतात, तीच बदके तेच तळे पुन्हा निवडतात का, हे कळू लागले.

पुढे त्याच प्रकल्पाला अमेरिकी लष्कराच्या संशोधन विभागाकडूनही पैसे मिळाले आणि सत्तरच्या दशकात त्यावरून गदारोळ झाला. पक्ष्यांच्या वाटा आणि त्यांच्यावरचे जंतू यांची माहिती जैविक युद्धासाठी तर गोळा होत नाही ना, असा सवाल वृत्तपत्रांनी आणि संसदेच्या समितीने विचारला. सालिम अलींनी आरोप नाकारले. त्यांच्या हेतूवर शंका घेण्यासारखे काही समोर आले नाही, पण पैसा कोणाचा आहे हे विचारण्याचा हक्क लोकांना होता. शास्त्रज्ञाच्या भोळेपणाचा हा एक प्रसंग म्हणता येईल.

प्रश्न मात्र जुना झाला नाही. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत बर्ड फ्लू निघाला. देशातला तो पहिलाच. पुन्हा बोटे आकाशाकडे वळली. या वेळी संशयाला थोडा आधार होता. इन्फ्लुएंझा विषाणूंचे नैसर्गिक घर म्हणजे रानबदकांची आतडी. बहुतेक प्रकार त्यांना फारसे आजारी न पाडता तिथे राहतात, विष्ठेतून पाण्यात उतरतात आणि दुसऱ्या बदकाकडे जातात. कोंबड्यांच्या गर्दीत शिरल्यावर त्यातले काही घातक रूप घेतात. तिथून पुढे तो रोग पसरतो तो बहुधा पिंजरे, गाड्या, बाजार आणि माणसांच्या चपला यांच्यामार्फत. पक्षी आणि कोंबड्या वेगळ्या ठेवायच्या, तलावाकाठी मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलायचा नाही आणि पशुसंवर्धन विभागाला कळवायचे, एवढी काळजी पुरते. तळे बुजवून किंवा बदके हुसकावून काही साधत नाही. हक्काचे पाणी गेले की तीच बदके गावतळ्यावर, घरच्या कोंबड्या-बदकांच्या अधिक जवळ येतात.

मान-सन्मान आले ते उशिरा. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण. त्याच सुमारास मिळालेला पन्नास हजार डॉलरचा गेटी पुरस्कार त्यांनी संस्थेच्या निसर्गसंवर्धनाच्या कामाला देऊन टाकला. अमेरिकी पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्यासोबत लिहिलेला भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९७४ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा ते ७७ वर्षांचे होते. देशात १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१च्या दुरुस्तीने शिकारीची दारे बंद झाली. तरुणपणी आपल्याला शिकारीची आवड होती, हे त्यांनी कधी लपवले नाही. १९८५ मध्ये आलेल्या आत्मचरित्राचे नावसुद्धा त्यांनी त्या पाडलेल्या चिमणीवरूनच ठेवले.

भरतपूरने त्यांना शेवटी एक चूकही करायला लावली. घना राष्ट्रीय उद्यान झाल्यावर, १९८२ मध्ये, तिथे म्हशी चारण्यावर बंदी आली. सालिम अलींसह संस्थेतल्या जाणकारांनी तसा सल्ला दिला होता. गुरे पाणथळीची नासाडी करतात, हे उघडच दिसत होते. पिढ्यान्‌पिढ्या तिथे गुरे नेणारी गावे चिडली, संघर्ष झाला, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. मग संस्थेचाच दहा वर्षांचा अभ्यास पूर्ण झाला आणि त्याने वेगळेच सांगितले. म्हशी नसल्यामुळे पाणगवत बेसुमार वाढले होते. उघडे पाणी कमी झाले आणि बदकांना उतरायला, पोहायला जागा उरली नाही. म्हशी ते गवत खाऊन आणि तुडवून तळे मोकळे ठेवत होत्या. राजाच्या काळी शिकारीसाठी जे आपोआप होत होते, ते शास्त्राने थांबवले होते. हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा सालिम अली हयात नव्हते. १९८५ मध्ये ते राज्यसभेवर नियुक्त झाले होते आणि २० जून १९८७ रोजी, नव्वद वर्षांचे असताना, मुंबईत कर्करोगाने गेले. आपल्याच संस्थेच्या आकड्यांनी आपले मत खोडले, हे त्यांनी कसे घेतले असते ते सांगता येत नाही. पण आकडे गोळा करायची सवय त्या संस्थेला त्यांनीच लावली होती. आता आसपासच्या गावकऱ्यांना घनातले गवत कापून नेऊ देतात. पाण्याचे भांडण मात्र मिटलेले नाही. वरच्या अंगाला पांचना धरण झाल्यावर तिथल्या शेतकऱ्यांनी तळ्यासाठी पाणी सोडायला विरोध केला आणि काही वर्षे घना कोरडे राहिले.

हाच पेच लहान आकारात यवतमाळलाही आहे. दिवाळीनंतर धरणाचे पाणी मागे सरकते आणि उघडी पडलेली गाळाची जमीन पाटबंधारे खाते एका हंगामासाठी गाळपेरीला देते. धरणात शेत गेलेल्या घराला त्या तुकड्यावरचा हरभरा किंवा टरबूज म्हणजे वर्षाचा आधार. नेमका तोच ओला काठ थापट्या आणि चक्रांगाचे ताट असतो. गाळपेर बंद करा, असे म्हणणे म्हणजे भरतपुरात म्हशी बंद करण्यासारखेच. काठाचा कोणता पट्टा पेरायचा, कोणता मोकळा ठेवायचा, त्या पट्ट्यात खत-औषध किती पडते आणि ते पाण्यात किती उतरते, हे मोजून ठरवता येते. त्यासाठी दर हिवाळ्यात बदकांची गणती लागते. पक्षी सप्ताहात जिल्ह्यातले पक्षिमित्र दुर्बिणी घेऊन काठावर उभे राहतात. त्यांच्या वहीतल्या आकड्यांचा उपयोग इथे आहे.

वाळे घालण्याचे काम अजून चालू आहे. मासेमारी करणाऱ्या भोई बांधवांच्या जाळ्यात एखादे वेळी बदक अडकते. त्याच्या पायात धातूचा वाळा दिसला तर तो ओढून काढू नये. त्यावर कोरलेला क्रमांक लिहून घ्यावा, शक्य असेल तर फोटो काढावा आणि पक्षी जिवंत असेल तर सोडून द्यावा. दिवस, धरणाचे आणि गावाचे नाव लिहून वनविभागाला कळवले की ती माहिती मुंबईच्या संस्थेपर्यंत पोचते. वाळ्यावर पत्ता परदेशातला असला तरी रीत हीच.